भाकर वाढली

माझ्या मावसबहिणीचा मला लहानपणापासून हेवा वाटतो. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो, दोघींचे गुडघे गेले, पण तो काही गेला नाही. खरं तर रूपाने मीच उजवी. गावातल्या बायका तोंडावर तसं म्हणायच्या. पण आईची नजर आधी तिच्याकडे जायची, आणि मला नेमकी तीच हवी होती.

ती आमच्या घरी आली तो पावसाळा हैदराबाद संस्थान भारतात सामील व्हायच्या आधीचा. आमचं गाव भीमपूरच्या अंगाला, पैनगंगेच्या काठी. नदीपलीकडे वऱ्हाड. तिकडचे नाके बंद झाले आणि मीठ, रॉकेल, कापड काहीच येईना. नदीच्या अलीकडे बंदूकवाल्यांच्या टोळ्या रस्ते अडवून बसलेल्या. आमची ज्वारी आधी सरकारी लेव्हीत गेली, उरलेली टोळीने नेली. वडील गाडी घेऊन पलीकडे गेले होते, ते तिकडेच अडकले. घरात आई आणि मी. तशात एका सकाळी शेजारच्या गावचा कोणी माणूस मावसबहिणीला दारात उभी करून गेला. त्यांच्या गावाला टोळीने वेढाच घातला होता, त्यातून तिला कशीबशी बाहेर काढलेली. मावशी गेली होती. कशाने, ते मला कोणी सांगितलं नाही. ताप आला होता म्हणाले.

ती माझ्याहून थोडी मोठी. रडायची नाही, बोलायची नाही, नुसती आईच्या मागे मागे असायची. जात्याशी आई बसली की समोर ही. माझी जागा ती.

आई मूठभर पिठात रानातल्या तरोट्याचा पाला चिरून घालायची आणि अळणी भाकरी थापायची. एक मला, एक तिला. माझी डोळ्यांनी मोजून लहान. मी भांडले.

“तिले मोठी काऊन?”

“ते मोठी हाय. जेव मुकाट्यानं.”

“अन् तू वं माय?”

“माही वाढली,” आई म्हणायची.

आमच्याकडे घरातली वस्तू संपली असं तोंडाने म्हणत नाहीत. तेल वाढलं, मीठ वाढलं असं म्हणायचं. बांगडी फुटली तरी ती वाढते. हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या पावसाळ्यात मीठ वाढलं, रॉकेल वाढलं, हे ऐकून कान किटले होते. पण ताटाशी बसलं असताना आई भाकर वाढली म्हणाली, तर ती ताटात वाढली असंच कोणीही समजेल की नाही? मला वाटलं, चुलीमागे तिचं ताट झाकलेलं असणार. आम्ही उठलो की ती निवांत जेवत असणार. मी माझी भाकर संपवून ओसरीवर पळायची.

मावसबहीण मात्र उठायची नाही. एकेक घास चघळत बसायची. एकदा मी पाहिलं, तिने अर्धी भाकर परकराच्या ओच्यात सारली. मग काय, मला आयतंच सापडलं.

“माय, हे चोट्टी हाय! भाकर चोरून ठेवते!”

आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. मला! ती चोर आणि धपाटा मला. त्या दिवशी मी ओसरीवर बसून ठरवलं, हिला पुराच्या पाण्यात ढकलून द्यायचं. नदीकाठी जायला बंदी होती म्हणून वाचली.

पुढे फौज आली, टोळ्या पांगल्या, पूर उतरला आणि वडील मिठाचं पोतं घेऊन परत आले. मावसबहीण आमच्याच घरी राहिली. तिचं लग्नही आमच्याच मांडवात झालं, आणि पाठवणीला आई माझ्या वेळेपेक्षा जास्त रडली. मग भाषेवर राज्यं वाटली गेली. तिचं सासर किनवटकडे, ते महाराष्ट्रात गेलं. मला इचोड्याला दिलेली, मी इकडेच, तेलुगू मुलखात राहिले. तिची पोरं मराठीत शिकून मोकळी झाली. माझ्या पोरांच्या तोंडाला तेलुगू गिरवता गिरवता फेस आला. म्हटलं, घ्या, सरकारचंही माप तिच्याकडेच झुकलं.

आई म्हातारपणी माझ्याकडे होती. हगणं-मुतणं सगळं मी केलं. शेवटी शेवटी तिने अन्न सोडलं. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, पोटात काही गेलं तर अजून दिवस काढेल. मी दुधात भाकर कुस्करली, शिरा केला, हाता-पाया पडले. ती तोंड फिरवायची.

“माही वाढली.”

“काय वाढली? ताट भरलेलं हाय ना वं समोर!”

“तिले बोलाव,” आई म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या हाताला काय काटे होते? पण आईच्या गळ्याखाली दोन दिवसांत पाणीसुद्धा नीट उतरलं नव्हतं. मी निरोप धाडला. ती एसटीने आली, पाय धुतले आणि सरळ आईच्या खाटेवर जाऊन बसली. मी ताट पुढे केलं. तिने भाकरीचे दोन तुकडे केले. एक स्वतः खाल्ला, कोरडाच, एकेक घास चघळत. आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

“माही झाली, मावशी. आता तुही.”

आणि आईने तोंड उघडलं. लहान लेकरासारखं. सगळा अर्धा तुकडा खाल्ला.

मी दारातच उभी. “माय उपाशी राहाते, हे तुले कसं कळलं होतं वं तवा?” मी विचारलं.

तिने आईचं तोंड पदराने पुसलं.

“माही मायबी असंच म्हणे. भाकर वाढली, भाकर वाढली. मलेबी वाटे, ताटात वाढली.”

आई त्यानंतर काही दिवस जेवली, तिच्याच हातून. मी भाकरी थापायची आणि ताट घेऊन खाटेशी जायची. मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, पण खोटं कशाला बोलू, पोटात आग पडायची. त्या पावसाळ्यात आमच्या घरात होती ती फक्त भूक. ती त्या दोघींनी आपसात अर्धी अर्धी वाटून घेतली, आणि मला पोटभर जेवू घातलं.