माझ्या कोल्हापूरच्या रात्री

माझ्या बरोबरीच्या बायका मजा करायला गोव्याला जातात, एक-दोघी तर थायलंडला जाऊन आल्या. मी मजा केली ती कोल्हापुरात, तीही एकटीने आणि कंपनीच्या कामाला गेल्यावर. त्या मजेपायी माझा संसार गेला. असं सरळ सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच भलतंसलतं येतं, ते मला त्याच्या तोंडावर दिसतं. तसलं काही नव्हतं. मी जेवले, फिरले, दूध प्यायले आणि हसले.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. तिथे शाळेचे गणवेश शिवणारी एक कंपनी आहे आणि तिच्यात मी कापड तपासते. कापड इचलकरंजीहून येतं. ट्रक दारात आल्यावर माल खराब निघाला तर कपाळावर हात मारण्यापलीकडे काही करता येत नाही, म्हणून दर महिन्याला चार-पाच दिवस मलाच तिकडे पाठवायचे. काचेच्या टेबलावरून तागा सरकवत न्यायचा, खालच्या दिव्याच्या उजेडात गाठी, तुटलेले धागे, तेलाचे डाग शोधायचे. बाजूला माग खडखडत असतात. तिथली माणसं खुणांनीच बोलतात, कारण ओरडूनही ऐकू येत नाही. संध्याकाळी बाहेर पडलं की मला स्वतःचाच आवाज परका वाटायचा.

राहायची सोय मात्र कोल्हापुरात होती. कंपनीच्या मालकांच्या ओळखीचा लॉज होता, आणि बाईमाणसाला तोच बरा असं त्यांचं ठाम मत होतं. पहिल्या काही खेपांना मी शहाण्या मुलीसारखी खोलीतच बसले. वेफर खाल्ले, टीव्ही लावला, दाराची कडी तीनदा बघितली. खिडकीतून खालचा रस्ता दिसायचा. रात्री साडेनऊला एका स्कूटरवर तीन पोरी मोठमोठ्याने हसत गेल्या. जेवण झाल्यावर सासू-सून चालायला निघालेल्या दिसल्या. आमच्या गावात आठनंतर रस्त्यावर बाई दिसली तर तिच्या घरी कुणीतरी आजारी आहे असंच धरून चालतात. मला वाटलं, मी कुणाला घाबरून बसलेय? इथे तर मला कुत्रंही ओळखत नाही.

पहिल्यांदा बाहेर पडले ती जेवायला. जवळच एक खानावळ होती, नवरा-बायको मिळून चालवायचे. गल्ल्यावरच्या नवऱ्याने ‘फॅमिली?’ असं विचारलं आणि मी मान हलवली. एकटी बाई म्हणजे फॅमिलीच, हा हिशेब आमच्याकडेही आहे. वाढप्याने मला पडद्यामागे सहा जणांच्या टेबलावर नेऊन बसवलं. पाणी आलं, कांदा-लिंबू आलं, आणि मग काहीच आलं नाही. बाहेर माणसं जेवून, हात धुऊन, बडीशेप चघळत गेली. मी आपली भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे बघत बसले. शेवटी वाढप्याला हाक मारली, तर तो अगदी समजुतीने म्हणाला, येऊ द्यात की मालकांना, गाडी लावत असतील.

माझे मालक, म्हणजे नवरा, तिकडे सोलापूर जिल्ह्यात पाचवीच्या वह्या तपासत बसले होते. ते काही येत नाहीत म्हटल्यावर वाढपी गोंधळला आणि आत जाऊन बाईंना घेऊन आला. हात पदराला पुसत त्या आल्या, पडदा सारला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

“एकट्याच व्हय?”

“हो.”

“मग हितं अंधारात कशाला बसलाय? भायेर बसा की. कुणाला भ्यायचं हाय?”

मला आजवर आत बस, मागे बस, जरा बाजूला बस असं सांगणारे पुष्कळ भेटले होते. बाहेर बस म्हणणारी ही पहिलीच. त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दारालगतच्या टेबलावर बसवलं आणि पांढरा रस्सा वाटी रिकामी होऊ न देता वाढला. पुढच्या प्रत्येक खेपेला ते टेबल माझं. भाकरी थापता थापता त्या गडमुडशिंगीच्या आपल्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या, मी इचलकरंजीच्या सांगायचे. घरी मी फारसं बोलायचे नाही. कुणी तोंड दाबलं होतं असं नाही, पण तिथे विषय ठरलेले होते. भाजी, पाण्याची टाकी आणि नणंदेचं बाळंतपण. तिथे मी मुकी होते आणि इथे माझ्या तोंडाला कुलूप नव्हतं.

मग माझी भीड चेपली. जेवण झालं की मी रंकाळ्यावर जायचे. तळ्याच्या काठाच्या दगडी भिंतीवर बसून कणीस खायचे आणि लोकांची भांडणं, रुसवेफुगवे, लग्नाची बोलणी फुकटात ऐकायचे. तिथून गंगावेशीत, दूध कट्ट्यावर. तिथे म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. तालमीतली पोरं, रिक्षावाले, म्हातारे, सगळे तिथेच उभ्याने पितात. त्यांच्यात मीही उभी राहायचे. धार काढणारी एक मावशी होती. ओठावर फेसाची मिशी आली की ती सगळ्यांदेखत माझी खोडी काढायची, म्हणायची, बघा, आमचा पैलवान आला सोलापूरचा. आणि मी पोट धरून हसायचे. त्या वेळी मला फार छान वाटायचं. अंगात वारं शिरल्यासारखं वाटायचं.

नवरा रोज रात्री नऊला फोन करायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचे, मनात मात्र तो ‘तो’च होता. फार चांगला माणूस. हात उगारणं सोडाच, त्याने कधी ताट सरकवलं नाही. खोलीवर आलीस का, कडी लावलीस का, एवढंच विचारायचा. मी खोटं बोलत नव्हते. रंकाळ्यावर आहे म्हणायचे, म्हशीजवळ आहे म्हणायचे. तो म्हणायचा, जप. मग काही महिन्यांनी म्हणू लागला, खोलीवर डबा मागवता येत नाही का? त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती आणि आणखी काहीतरी होतं. घरी सासूबाईंनी माझ्याशी बोलणं कमी केलं होतं. गल्लीत कुणीतरी त्याला विचारलं होतं, मास्तर, वहिनी रात्रीच्या कुठं असतात हो? ते त्याने मला सांगितलं नाही. मला शेजारणीकडून कळलं.

माझं त्याच्यावर प्रेम होतं, हे मला इथे लिहून ठेवायचंय, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटणार नाही. त्याला माझ्या रात्री आवडाव्यात म्हणून माझा जीव तुटत होता. मला वाटलं, एकदा त्याने डोळ्यांनी बघितलं की सगळं निवळेल. मी म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत तुम्हीच चला. तो आला. आपल्या माणसाला माहेर दाखवताना नवी नवरी जशी पुढे पुढे करते, तशी मी त्याच्यापुढे चालत होते.

खानावळीत बाईंना इतका आनंद झाला की त्या भाकरी तव्यावर टाकून बाहेर आल्या. आज मालक आल्यात म्हणून त्यांनी आम्हाला मोठ्या मानाने पडद्यामागे नेऊन बसवलं. आपण इथे नको, बाहेर बसू, असं मी म्हटलं, पण ते कुणाच्या कानात शिरलं नाही. पहिलं ताट त्याला. तिखट किती, हे त्याला विचारलं. माझ्या वाट्याचा रस्सासुद्धा, बाईंना किती वाढू, असं त्यालाच विचारून वाढला. बाईंच्या मनात पाप नव्हतं. लेकीबरोबर जावई घरी आल्यावर जसं करतात तसं त्या करत होत्या. जाता जाता कौतुकाने म्हणाल्या, लई बोलकी हाय बघा तुमची मंडळी, ती आली की आमचं सैपाकघर हसतंय. त्याने घास हातात धरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, बोलकी?

मग दूध कट्ट्यावर गेलो. मावशीने मला बघताच लांबूनच सुरू केलं, आज पैलवानानं संगट वस्ताद आणलाय वाटतं. तालमीतल्या पोरांनी मला जागा करून दिली. मी हसले, नेहमीसारखी, डोकं मागे टाकून. हसता हसता वळले तर तो जरा बाजूला उभा होता, दुधाचा ग्लास दोन्ही हातांत धरून, न पिता. तो माझ्याकडे असा बघत होता की जणू ही बाई त्याने पहिल्यांदाच बघितली होती आणि ती त्याला आवडलीही होती.

आम्ही लॉजकडे परत निघालो. एका बंद दुकानापाशी तो थांबला आणि म्हणाला, “घरी तू अशी हसत नाहीस.”

सासूबाई असतात, कामं असतात, दमलेली असते, असं बरंच काही ओठांवर आलं. पण तो जे म्हणाला ते खरं होतं. त्याचं चुकलं असतं तर मी भांडले असते, भांडायला मला चांगलं येतं. त्याच्या खरं बोलण्यापुढे मात्र माझं काही चाललं नाही.

“आठ वर्षं,” तो म्हणाला. “मला वाटायचं तू अशीच आहेस. गप्प.”

त्यानंतर मी दौरे सोडून बघितले. कंपनीने दुसऱ्याला पाठवलं आणि मी गावातच बसून शिवणीचं काम तपासू लागले. रात्री आठला जेवण, नऊला दिवे बंद. त्याला मला हसवायचं होतं. तो शाळेतल्या पोरांचे विनोद घरी येऊन सांगायचा. मी हसायचे, आणि हसले की तो माझ्या तोंडाकडे निरखून बघायचा, हे खरं का ते. तसं कुणी बघत असलं की हसू ओठांवरच वाळून जातं. तो विनोद सांगायचा थांबला. मग बोलायचाही थांबला. एक दिवस त्यानेच सांगितलं की जा तू पुन्हा, इथे तू सुकून चाललीस आणि ते मला बघवत नाही. मी गेले. परत येत होते, जात होते, आणि प्रत्येक वेळी घरात आम्ही थोडे थोडे पाहुणे होत गेलो. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. शेवटी कोर्टात दोघांनी शांतपणे सह्या केल्या. बाहेर आल्यावर त्याने मला कोल्हापूरच्या बससाठी स्टँडवर सोडलं आणि माझी पिशवी वर रॅकवर ठेवून दिली. बस सुटेपर्यंत तो खाली उभा होता.

गावात मी वेगळी खोली घेतली आणि कोल्हापूरला जात राहिले. लोकांना वाटतं, आता तर हिला रान मोकळं. मला ते ऐकून राग येतो. टेबल तेच, रस्सा तोच, मावशीची थट्टा तीच. पण नऊ वाजले की फोन वाजत नाही. कुणीतरी घरी बसून काळजी करत होतं म्हणून मी बिनधास्त होते, हे मला फार उशिरा कळलं. आता मला कुणी जप म्हणत नाही, आणि मी खोलीवर लवकर परतते.

गेल्या महिन्यात इचलकरंजीहून बसने येत होते, तेव्हा त्याचा फोन आला. त्याने दुसरं लग्न केल्याचं मला कळलं होतं. आवाज तसाच, जरा अवघडलेला. कोल्हापुरात आलोय म्हणाला. जोडीने जोतिबाला जाऊन आले होते आणि एक रात्र मुक्काम होता. विचारू का नको असं झालं होतं, पण इथलं दुसरं कुणी ओळखीचं नाही, असं म्हणाला. मी म्हटलं, विचारा.

तो म्हणाला, “रात्रीचं कुठं जावं गं? तिला बाहेर फिरायला आवडतं. म्हटलं, तिला मनासारखं फिरू द्यावं.”

बस उड्डाणपुलावरून चालली होती. मी खिडकीची काच लावून घेतली, म्हणजे त्याला आवाज नीट जाईल. मग मी त्याला सगळं सांगितलं. कुठे जेवायचं, आत नको, बाहेर बसतो म्हणून आधीच सांगायचं, तळ्याच्या कुठल्या बाजूला वारं चांगलं असतं, दुधाच्या कट्ट्यावर कुठल्या मावशीकडे जायचं. तो मध्ये मध्ये ‘हो, हो’ म्हणत होता, लिहून घेत असावा. तिला थट्टा चालेल ना, असं मी विचारलं. तो म्हणाला, चालेल, ती फार हसते.

तू कुठे आहेस, असं त्याने शेवटी विचारलं. मी सांगितलं, गावी, घरीच.

त्या संध्याकाळी मी लॉजवर आले, खालूनच डबा मागवला आणि दाराला कडी लावली. खिडकीपाशीही गेले नाही, न जाणो ती दोघं खालून गेली असती.