स्किरमान्तेची बोलण्याची खोली

माझ्या दिवंगत बहिणीची मुलगी स्किरमान्ते पुढचं शिकायला फिनलंडला निघाली, तेव्हा शेजारणी मला तोंडावर म्हणाल्या, "गेली पोर, दानगुओले! आता नाताळाच्या कार्डातच दिसायची." त्यांचं तरी काय चुकलं? युरोपातल्या देशांनी आपसातली फाटकं उघडल्यापासून लिथुआनियाच्या आमच्या कोपऱ्यातून गेलेलं कुणी परतलं नव्हतं.

स्किरमान्ते परतली. न बोलणाऱ्या, अडखळणाऱ्या मुलांना बोलतं करायचं, हे तिचं काम. गेली तेव्हा चारचौघांत मान वर करत नव्हती. आल्या आल्या आमच्या गावच्या शाळेत मुख्याध्यापकांशी भांडून या कामासाठी स्वतःची खोली मिळवली.

"तिथं ग्रीक, पोर्तुगीज, पोलिश, सगळे एका टेबलाशी बसायचो, मावशी," ती सांगायची. "मनात खूप असायचं, पण शब्दच सापडायचा नाही. तेव्हा कळलं, या मुलांचं काय होत असेल."

त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात मी कामाला होते. उला नावाची सहा वर्षांची मुलगी घराबाहेर अक्षर बोलत नसे. स्किरमान्ते तिला माझ्याकडे पीठ मळायला आणायची. विचारायचं काही नाही, नुसतं मळायचं. हिवाळा असाच गेला. एके दिवशी बिटाचं गार सूप चाखून उला म्हणाली, "मीठ कमी आहे."

मी अॅप्रनच डोळ्यांना लावला. स्किरमान्तेनं मात्र शांतपणे मिठाची बरणी तिच्यापुढे सरकवली.

उन्हाळ्यात उलाच्या बापानं बायको-मुलीला नॉर्वेला बोलावून घेतलं. तो तिथं मासळीच्या कारखान्यात होता. काही महिन्यांनी तिच्या आईचा फोन आला. "बाई, ही पुन्हा गप्प झालीय हो. शाळेत म्हणतात, भाषा नवी आहे, येईल. पण आता घरीसुद्धा बोलत नाही."

स्किरमान्तेनं फोनच्या पडद्यावर उलाला हाक मारली. पोरीनं ओळखलं, आणि पडद्याकडे पाठ केली. त्या दिवशी स्किरमान्ते जेवली नाही.

पुढच्या वर्षी मुलंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली. शहरातल्या शाळांत तिनं विचारून पाहिलं. जागा भरलेल्या होत्या. शेवटी मी म्हटलं, "मग फिनलंडला जा ना. तिथलंच शिक्षण आहे तुझं."

ती हसली, पण ते हसणं बघवलं नाही. "तिथल्या मुलांना फिनिश मी बोलायला शिकवू? माझीच जीभ अडते अजून. या कामाला आईची भाषा लागते, मावशी. आणि आपल्या भाषेची पोरं तर गेली."

तरी ती गेलीच. बसून खाणार काय? आता तिथल्या एका हॉटेलात खोल्या साफ करते.

"दिवसभर कुणाशी बोलतेस?" मी फोनवर विचारलं.

"चादरी बदलायला बोलावं लागत नाही."

मृतांच्या दिवसाला येशील का, म्हणून विचारलं, तर रजा नाही म्हणाली. माझ्या बहिणीच्या थडग्यावर यंदा मी एकटीनंच मेणबत्ती लावली. वारा फार होता, दोनदा विझली. तिसऱ्यांदा लावायचं बळ राहिलं नाही, तशीच घरी आले.