विहीणबाई आणि वाळूतली मेथी

मुलाच्या लग्नात, भरल्या पंगतीत आमच्या विहीणबाई म्हणाल्या होत्या, "कोकणात मासळी मिळते म्हणा, पण भाजी कुठली?" त्या साताऱ्याकडच्या. बोलल्या हसत, पण दहा बायकांच्या देखत बोलल्या. तीन वर्षं झाली, ते वाक्य मी विसरलेली नाही. पेणमध्ये डोक्यावर टोपली घेऊन दारोदार पापड विकलेली बाई मी. आज माझी स्वतःची पोह्यांची गिरण आहे. टोमणा ऐकून गप्प बसायची मला सवय नाही.

मागच्या मार्गशीर्षात त्या लेकीकडे, म्हणजे आमच्याकडे, चार दिवस राहायला आल्या. मध्ये गुरुवार आला. गुरुवारी घरात मासळी नाही. मी ठरवलं, संध्याकाळी उपास सोडताना विहीणबाईंच्या पानात आमची बारीक मेथी वाढायची आणि ते वाक्य त्यांच्याच तोंडून मागे घ्यायला लावायचं.

ही मेथी शेतातली नव्हे. थंडी पडली की समुद्राकाठच्या ओल्या वाळूत दाणे इतके दाट टाकतात की वाळू दिसू नये. आठ-दहा दिवसांत बोटभर कोंब येतात, टोकाला इवली पानं. ते मुळासकट उपटून मुठीएवढ्या जुड्या बांधतात. मुळं कापायची, वाळू निघेपर्यंत पाच-सहा पाण्यांनी धुवायचं, मिरची आणि ओलं खोबरं घालून वाफ काढायची. कडूपणा फक्त नावाला.

बुधवारी गिरणीसाठी भात बघायला रोह्याला गेले होते. तिथल्या बाजारात रेवदंड्याकडची एक म्हातारी ही मेथी घेऊन बसते. भाव मी निम्म्यावर आणला. मग बाजूला ठेवलेल्या मोठ्या, भरदार जुड्या उचलायला लागले.

"त्या नको गो बाय. त्या ऱ्हायलेल्या हायत. या दोन पानांच्या घे."

"एकाच भावात बारक्या माझ्या गळ्यात मारतेस होय?"

"मारत नाय. तुजी मर्जी."

मी वीसच्या वीस मोठ्या घेतल्या आणि म्हातारीला हरवल्याच्या आनंदात घरी आले.

गुरुवारी संध्याकाळी विहीणबाईंनी पहिला घास घेतला. सावकाश चावला. "अहो, ही तर आमचीच मेथी! आम्ही भाकरीबरोबर खातो तीच. जरा जास्त कडू आहे, एवढंच." सून मान खाली घालून भात कालवत राहिली; तिचे खांदे हलत होते. मी चव घेतली. वाळूत चार दिवस जास्त राहिलेली ती मेथी दांड्याला चिवट आणि कडूजहर झाली होती. राग आला तो स्वतःचाच, पण काढला भातावर. शितं मऊ झाली म्हणून सुनेला उगाच बोलले.

शुक्रवारी सकाळी मी गिरणीचा टेम्पो काढला. "चला विहीणबाई, रोह्याला."

"कशाला?"

"भाजी खायला."

आम्हाला बघताच म्हातारी म्हणाली, "आलीस? मोठ्या कडू निघाल्या ना?" विहीणबाई खो खो हसल्या. मी नुसतं बोट दाखवलं, "यांना दोन पानांची चाखायला दे." म्हातारीने चार काड्यांची मुळं खुडली, तांब्यातल्या पाण्यात विसळून त्यांच्या हातावर ठेवल्या. विहीणबाईंनी एक काडी खाल्ली. मग दुसरी. मग तिसरी आणि चौथीही.

"कडू नाही की ओ! दाणा कुठला, आजी?"

"वान्याकडचा. त्याची पोती घाटावरून येतात."

"ऐकलंत?" विहीणबाई माझ्याकडे वळल्या. "दाणा आमचा!"

"मग तुमच्या शेतात अशी लागते का हो?"

"तशी नाही लागत."

"तर मग म्हणा, कोकणात भाजी मिळते."

"मिळते. थंडीपुरती."

तीन वर्षांच्या रागाला थंडीपुरती माघार म्हणजे फारच पडेल भाव झाला. "पावसाळाही धरा," मी म्हटलं. "शेवळं, टाकळा, कुर्डू, डोंगर नुसता भरलेला असतो."

"न खाता कसं धरू? आधी खायला घाला."

"आणि लग्नातलं?"

"ते सगळं मागे घेते. पण दाणा आमचा."

मी आणखी ताणणार होते. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "भांडान झालं की सांगा गो, गिऱ्हाईक अडलंय माजं." मागे खरंच दोन बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या, आणि दोघी आमच्याकडे बघून हसत होत्या.

"दाणा तुमचा," मी म्हटलं आणि सौदा मिटवला. पंधरा जुड्या घेतल्या, म्हातारी देईल त्या आणि म्हातारी सांगेल त्या भावाने. विहीणबाईंनी मात्र सवयीने सोळावी उचलली आणि "ही वर" म्हणाल्या. म्हातारीने ती त्यांच्या हातातून काढून परत टोपलीत ठेवली.