डेझीची आया

डेझी आज सकाळी गेली. तिला एक नाव हवं होतं. ते मिळालं नाही.

छावणीत आम्ही चाळीस वर्षं शेजारी. भांडणं भरपूर, अबोला कधीच नाही.

तिचे पणजोबा इथल्या पलटणीतले इंग्रज साहेब. त्यांचा फोटो हॉलमध्ये. साहेब खुर्चीत, मांडीवर मुलगा, म्हणजे डेझीचे आजोबा. मागे लुगडं नेसलेली एक उंच, सावळी बाई.

"ही कोण गं?" मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"आमची आया. खुलताबादच्या डोंगरातली धनगरीण."

आणि साहेबाची बायको?

"इंग्लंडला गेली असेल."

विषय संपला.

गेल्या वर्षी तिच्या भाच्याने न्यूझीलंडमध्ये लग्न केलं. भाचेसून हाना, तिथले मूळचे माओरी आणि गोरे अशा मिश्र घरातली.

व्हिडिओ कॉलवर हानाने आपली ओळख सांगितली. आधी डोंगराचं नाव, मग नदीचं, मग माओरी खापरपणजीचं. तिच्याशी लग्न केलेल्या गोऱ्या व्यापाऱ्याचं नाव सगळ्यात शेवटी.

"तो तिच्या गावात आला होता ना!" हाना हसली. "आता तुमचं सांगा, आंटी."

डेझीने साहेबाचं नाव, हुद्दा, पलटण सगळं सांगितलं. फोटो कॅमेऱ्यासमोर धरला.

"आणि ही आया. ग्रँडपाचा हिच्यावर फार जीव. मरताना पण हिलाच बोलावत होता. आय गं, आय गं..."

मी शेजारीच बसले होते.

"डेझी, आयाला कुणी 'आय गं' म्हणत नाही. आमच्या वैजापूरकडे आईला आय म्हणतात."

तिने फोटो कॅमेऱ्यासमोरून काढून स्वतःकडे वळवला.

"हम लोगों ने माँ को नौकरानी बना दिया, शालन."

मग आम्ही खुलताबादकडच्या धनगर वस्त्या पालथ्या घातल्या. फोटो दाखवत.

एका म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"सायबाच्या घरात गेलेली पोर? तिचं नाव कोन घेतंय, बाई? बापानं जित्तेपनीच तिच्या नावानं आंघोळ केली आसंल."

"आंघोळ?" डेझीने मला विचारलं.

मेलेल्या माणसाच्या नावाने करतात ती, मी सांगितलं.



माहेरी मेलेली, सासरी मोलकरीण. साहेबाची पलटणसुद्धा माहीत, आणि हिचं नाव दोन्ही घरांत कुणालाच नको होतं.

परवा दवाखान्यात म्हणाली, "तूच एखादं नाव ठेव ना तिला. तुम लोगों का, अच्छा सा."

"मनाने ठेवलेलं नाव तिचं कसं होईल गं?"

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"तो फिर आय ही सही," ती म्हणाली.

दफन उद्या सकाळी, छावणीच्या कब्रस्तानात. ज्यांना जमेल त्यांनी यावं.

डेझी, निघालेल्या माणसाला आम्ही 'जा' म्हणत नाही.

ये.