बेडकांच्या टेबलावरची उडती खार

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. बेडकांची कधी टंचाई नसे. पावसाळ्यात मुलं शेतातून मडकी भरभरून आणत. क्लोरोफॉर्म, मेणाचा ट्रे, हातापायांना टाचण्या. तासाभरात वीस बेडूक उघडून झाले की मी हात धुऊन डबा खात असे. त्याचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

एका मार्चमध्ये एक शेतकरी टोपलीत उडती खार घेऊन आला. देवळाच्या वाशासाठी देवरहाटीतला, म्हणजे देवाच्या राखीव रानातला, ऐनाचा एक वृक्ष तोडायचा होता. देवाने कौल दिला आणि कुऱ्हाड ह्याच्या हाती आली. झाडाबरोबर ढोलीतली ही खार खाली आली. मांजराएवढी, पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा. गुरव म्हणाला, ही मेली तर दोष तोडणाऱ्याच्या घराला. ह्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते.

"बाय, तुमी जनावरांचा शिकवता. हिला जगवा."

आमचा शिपाई त्याच्याच गावचा. तो दारातून म्हणाला, "हितं कशाला आणलंस रे? ह्या खोलीत आलेला जिवंत भायेर गेलेला मी बघितला न्हाय."

बेडकाचं हृदय मी डोळे मिटून दाखवलं असतं. ह्या खारीबद्दल पुस्तकात दोनच ओळी होत्या : पडद्याच्या आधाराने तरंगते, दुर्मीळ आहे. काय खाते, ते नव्हतं. मी गाईचं दूध पाजलं, केळं ठेवलं. तिसऱ्या सकाळी ती गार पडलेली होती.

मग मला जे येत होतं ते मी केलं. असा नमुना आसपासच्या कुठल्याच कॉलेजात नसणार, हे आधी मनात आलं, शेतकरी नंतर. पोटाला चीर दिली, पडदा ताणून फळीवर टाचण्या मारल्या, फॉर्मॅलिनची बरणी काढली.

दुपारी तो आला.

"मेली?"

"मेली."

"मग द्या. खोडापाशी पुरतो, नारळ देतो. दोष उतरंल."

मी फळीकडे बोट दाखवलं. तो फळीवर वाकला.

"मेल्यावर टाचण्या कशाला, बाय?"

"काढून देते."

"नको. फाडलेला देवाला चालत न्हाय."

रिकामी टोपली घेऊन तो गेला.

त्याच्या बायकोचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. शिपाई रोज समोर असायचा. विचारता आलं असतं.