वालाचं बियाणं

सुकापूरला आमच्या इमारतीमागे एक मोकळा प्लॉट होता. पूर्वीचं भाताचं खाचर. आमचं नव्हे, पण माती तीच. दिवाळी झाली की मी तिथे वाल टोचायचे. त्याला पाणी घालावं लागत नाही, दवावर येतो. बी माझ्या सासूच्या हातचं. आमची जमीन गेली, बैल गेले, बी तेवढं राहिलं. वालाला किडा लागतो, साठवून भागत नाही. दरसाल सगळं पेरायचं, दरसाल नवं धरायचं.

यंदा शेंगा भरत आल्या आणि सरकारी जीप आली, मागे जेसीबी. साहेब पोरगेलासा, बोलायला गोड.

"आजी, ही जागा बगीच्यासाठी राखीव आहे. इथे भाजीपाला लावायला बंदी आहे."

"मंग ह्यो काय हाय? बगीचाच ना?"

"तसा नाही हो. हिरवळ, फुलझाडं, बाकडी."

"हिरवल खायाला गुरा कुठं ऱ्हायलीत?"

जेसीबीवाला हसला. साहेबही हसला. "बरं, तासभर देतो. शेंगा काढून घ्या. तुमचं नुकसान कशाला?"

"म्हैनाभर दे. वेलावर वालल्याबिगर बी व्हत नाय. मंग मीच उपटीन सगला."

"बियाणं बाजारात मिळतं की, आजी."

"तुझी आय पन बाजारातून आनलीस का?"

मग त्याचा गोडवा संपला. तो घड्याळ बघत जीपला टेकून उभा राहिला.

मी एकही शेंग काढली नाही. इमारतीतल्या बायकांनी काढल्या. वेलांत साप येतात अशी तक्रार त्यांच्यातल्याच कोणीतरी केली होती. आता पिशव्या घेऊन त्याच वेलांत शिरल्या. "किती ताज्या आहेत हो, आजी! औषध मारलं नाही ना?" माझी सूनही त्यांच्यात वाकून शेंगा तोडत होती. तास झाला आणि जेसीबीने सगळं खरवडून काढलं.

जेवायला त्याच शेंगांची भाजी. सून म्हणाली, "घ्या ना आई, रागावून काय होणार?"

घेतली. दोनदा घेतली. चव तीच, किंचित कडसर. दाणे कोवळे, दाताखाली ठेवले की फुटणारे. आमच्यात पेरणीचं बी खाणाऱ्या घराला लोक शिव्या घालतात. आम्ही ते तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्लं. येत्या दिवाळीला टोचायला घरात वालाचा एक दाणा नाही.