कोपर मिस्त्रींच्या घरचा ओटा

त्यांचं खरं नाव विचारलंत तर गल्लीत रोज येणारा पोस्टमनसुद्धा डोकं खाजवेल. सगळे त्यांना कोपर मिस्त्री म्हणतात. स्वयंपाकघराचं काम करणारे सुतार पुष्कळ आहेत. ते आल्या आल्या टेप काढतात आणि भिंत मोजतात. कोपर मिस्त्री आधी चहा घेतात आणि मग विचारतात, "इथं स्वयंपाक कोण करतं?" जे कोणी पुढे येईल त्याच्या हातात लाटणं देतात आणि सांगतात, "डोळे मिटा. समोर ओटा आहे असं समजा आणि लाटा." माणूस लाजत लाजत हवेत लाटायला लागला की मिस्त्री जमिनीपासून त्याच्या कोपरापर्यंत मोजतात, त्यातून चार बोटं वजा करतात आणि आकडा खिशातल्या वहीत टिपून ठेवतात. झाली ओट्याची उंची.

एका बंगल्यात साहेब स्वतःच पुढे झाले. "घर माझं आहे, माप माझं घ्या." मिस्त्रींनी अदबीनं साहेबांना हवेत लाटायला लावलं, आकडा लिहिला, आणि जाता जाता मागच्या दारी स्वयंपाकीणबाईंचं कोपर मोजून ओटा त्या मापाचा केला. साहेब अजून पाहुण्यांना सांगतात की ओटा खास माझ्या उंचीचा आहे. तिथं उभं राहायची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नाही, त्यामुळे सगळे सुखात आहेत.

मिस्त्रींच्या स्वतःच्या घरचा ओटा मात्र घर बांधणाऱ्या गवंड्यानं घातलेला होता. मिस्त्रीणबाई उंचीनं बेताच्या. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, "अहो, हा ओटा मला उंच होतो." मिस्त्री लगेच उठले आणि तासाभरात त्यांनी एक पाट बनवून आणला. उंच पायांचा, गोल कोपऱ्यांचा, तीन हात पॉलिश केलेला. मिस्त्रीणबाई त्या पाटावर एकतीस वर्षं उभ्या राहिल्या. पाटावर दोन पावलांच्या जागा झिजून खोलगट झाल्या. मिस्त्री त्या कौतुकानं लोकांना दाखवायचे. "बघा, लाकूड माणसाला कसं ओळखतं."

या वर्षी त्याच पाटावरून मिस्त्रीणबाई पातेलं घेऊन मागे सरल्या आणि पडल्या. उजवं मनगट मोडलं. मिस्त्रींनी फरशी घासूनपुसून पाहिली आणि दोष फरशीचा आहे असा निकाल दिला.

मुलगी तातडीनं आली. ती दुसऱ्या शहरात राहते. "आई, आता बास झालं. दोघंही माझ्याकडे चला. तुला काही करायचं नाही, नुसतं बसायचं."

"नुसतं म्हणजे दंतवैद्याकडे बसतात तसं?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं.

बरीच वादावादी झाली आणि शेवटी मुलीनं सहा आठवड्यांची मुदत दिली. प्लास्टर निघेल त्या दिवशी ती परत येणार. आईला न पडता, न धडपडता उभं राहता येईल असं स्वयंपाकघर तोवर झालं असेल तर ठीक, नाहीतर घराला कुलूप आणि मिस्त्रींच्या करवतीलाही. मिस्त्रीणबाईंनी मान डोलावली. त्यांना आपल्या घरात, आपल्या ओट्यापाशी उभं राहायचं होतं. दुसरं काही नको होतं.

नवा ओटा कशाचा करायचा यावर लगेच दोन पक्ष पडले.

"अख्खा सागवानी करू," मिस्त्री म्हणाले. "हात ठेवला की ऊब लागते."

"ऊब मला गॅसची पुरते. गरम पातेलं ठेवलं की काळं कडं उमटेल, आणि बेसिनपाशी सहा महिन्यांत फुगेल. ते तुम्हीच मला सांगितलंय."

"मी गिऱ्हाइकांना सांगतो."

"मी ऐकत असते."

"दगडावर काचेचा ग्लास पडला की गेलाच म्हणून समज."

"लाकडावर पाडून बघा, मग बोलू."

तह झाला तो असा: शेगडी आणि बेसिनच्या बाजूला दगड, खिडकीखाली चिरण्या-लाटण्यापुरतं अडीच हात सागवान. सुरीची धार दगडावर मरते, हे मिस्त्रीणबाईंनाही मान्य होतं.

दगडांच्या वखारीचे मालक मिस्त्रींचे जुने दोस्त. म्हणजे तीस वर्षं दोघं एकमेकांच्या मालाला नावं ठेवत आले होते.

"या मिस्त्री. वाट चुकलात की काय?"

"मी आलो नाही. मला आणलंय."

मिस्त्रीणबाईंनी गळ्यात अडकवलेला हात सांभाळत पिशवीतून अर्धं लिंबू आणि तेलाची बाटली काढली. "पांढऱ्याचा, राखाडीचा आणि काळ्याचा एकेक तुकडा द्या. पॉलिश केलेला." तिन्हींवर त्यांनी एका बाजूला लिंबू पिळलं, दुसऱ्या बाजूला तेलाचे थेंब टाकले, आणि तिथल्या स्टुलावर बसून राहिल्या.

"काकू, मी तीस वर्षं दगड विकतोय. त्यांना सरबत पाजणारं गिऱ्हाईक पहिलंच."

"लिंबू माझ्या ओट्यावर रोज सांडणार. तुम्ही पुसायला रोज येणार आहात का?"

वखारवाल्यांनी चहा मागवला. तोवर मिस्त्री सवयीनं एकेका दगडावर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावत होते.

"आत कोणी नाही हो मिस्त्री," वखारवाले म्हणाले.

तासाभरानं तुकडे पुसले. पांढऱ्या संगमरवरावर लिंबाच्या जागी चमक गेली होती. राखाडीनं तेल पिऊन टाकलं होतं. हिरवट ठिपक्यांचा काळा ग्रॅनाइट मात्र काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पडून होता. "हा," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "याला आमच्या घरात राहता येईल."

"मिस्त्री, पुढची उभी पट्टी कापायचीय. ओट्याची उंची किती?" वखारवाल्यांनी विचारलं.

"चौतीस इंच. आहे तीच," मिस्त्री डोळ्याची पापणी न लववता म्हणाले.

परतताना मिस्त्रीणबाई गप्प होत्या. त्या गप्प झाल्या की मिस्त्रींना चालत्या करवतीचा आवाज बदलल्यासारखं वाटतं. आत कुठंतरी खिळा लागलेला असतो.

घरी येऊन मिस्त्रींनी पाट उलटा केला आणि पायांना रबर ठोकायला बसले. "आता बघ, घसरायचं नावच काढणार नाही."

"वही आणा तुमची," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"कशाला?"

"त्यात माझं कोपर शोधा."

मिस्त्रींनी चष्मा लावला. पानं उलटली. दोनशे सोळा कोपरं निघाली. साहेबांचं होतं, स्वयंपाकीणबाईंचं होतं, डाव्या हातानं लाटणाऱ्या एका आजोबांचंसुद्धा होतं. पानं संपली.

"घरच्या माणसाचं कशाला लिहायचं?" ते म्हणाले. "घरचं पाठ असतं."

"मग सांगा."

मिस्त्रींनी तोंड उघडलं. आकडा काही आला नाही.  ते उठले, लाटणं घेऊन आले आणि बायकोसमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "इथं स्वयंपाक कोण करतं?"

"मी करते. तुम्ही मीठ कमी आहे एवढं म्हणता."

"डोळे मीट."

"मी काय गिऱ्हाईक आहे?"

"मीट म्हणतो ना."

त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या हातानं हवेत लाटू लागल्या. मिस्त्रींनी मोजलं, चार बोटं वजा केली. साडेएकोणतीस. त्यांनी चौतिसातून ते वजा केलं, साडेचार उरले, मग कसलीशी शंका येऊन उलटा पडलेला पाट मोजला. साडेचार इंच. पुन्हा मोजला. साडेचारच.

"म्हणजे माप मी तेव्हाच घेतलं होतं," ते हळूच म्हणाले. "ओट्यातून कमी करायचं ते तुझ्या पायाखाली घातलं."

"लोक बायकोला डोक्यावर चढवतात. तुम्ही पाटावर चढवलंत," मिस्त्रीणबाई म्हणाल्या आणि हसल्या. करवत परत सुरळीत चालायला लागली.

मिस्त्रींनी लगेच वखारीत फोन करून उंची बदलली. दुसऱ्या दिवशी जुना ओटा त्यांनी स्वतः घण घालून पाडला. तो जरा गरजेपेक्षा जास्त जोरात पाडला, असं शेजारी म्हणाले.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मुलगी आली. ती बापाच्या वळणावर गेलेली, उंचपुरी. भांडं विसळायला वाकली आणि म्हणाली, "हा ओटा आहे की टीपॉय? पाठ मोडेल माझी."

"तुझ्या मापाचा नाहीच तो." मिस्त्रीणबाई खिडकीखालच्या सागवानावर कणीक मळत होत्या. मनगटात अजून जोर नव्हता, हात सावकाश चालत होते. पण दोन्ही पाय फरशीवर सपाट होते. मुलगी बघत राहिली. आई स्वयंपाक करताना खांदे उचलून, मान आत घेऊन उभी राहायची. ती आईची ठेवणच आहे असं तिला लहानपणापासून वाटायचं. आज ते खांदे खाली होते.

ती बाहेरच्या खोलीत गेली. आईबाबांचं सामान न्यायला रिकामीच आणलेली मोठी बॅग तिनं पायानं पलंगाखाली सारली.

"माझ्याकडे चार दिवस तरी येशील?" परत येऊन तिनं आईला विचारलं.

"येईन की. पण तुझा ओटा कोणाच्या मापाचा आहे ते आधी सांग."

"कोण जाणे. बिल्डरनं घातला तसा आहे."

मिस्त्री त्या जुन्या पाटावर बसून लसूण सोलत होते. ते हात झटकून उठले आणि लाटणं मुलीपुढे धरलं. "डोळे मीट."

"माझं काय घेताय बाबा? आमच्याकडे स्वयंपाक तुमचे जावई करतात."

मिस्त्रींनी लाटणं खाली ठेवलं, वहीचं कोरं पान काढलं आणि पेन्सिल कानामागून घेतली. "मग त्याला फोन लाव. म्हणावं, पुढच्या रविवारी कोपर घेऊन ये."